पहिल्या गिटारवाल्याची बाजू

दाताच्या डॉक्टरांना पुढच्या खोलीत, खुर्चीपाशी, लोकांसमोर उभं राहावं लागतं. कवळ्या करणाऱ्याला ती सक्ती नसते. त्यामुळे कवळीवाल्याचं सगळं आयुष्य मागच्या खोलीत गेलं. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, बाजूला गुलाबी मेणाच्या पट्ट्या, गॅसचा छोटा दिवा, आणि कोपऱ्यात कवळीला चकाकी आणायचं चाक. त्या चाकाची भुकटी भुवयांवर बसून बसून तो तिशीतच म्हातारा दिसायला लागला होता. माणसं त्याला तोंडानं माहीत असायची, चेहऱ्यानं नाही. रस्त्यात एखादा अनोळखी माणूस हसला, की याला आधी त्याचा वरचा डावा सुळा आठवायचा आणि मग कधीतरी तो माणूस.

लग्न जमता जमता राहून गेलं होतं. वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली, दोन शर्ट धुवून दोन घालायचे, असा एकट्याचा संसार. पण तो अगदीच एकटा वाढला होता असं नाही. त्याला ताई होती.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा हा चड्डीतला पोर होता आणि वडील कामासाठी सतत बाहेरगावी. मग ताईच त्याची आई झाली, बाप झाली, आणि वेळ पडली तर शिक्षाही तिनंच केली. त्याला ती धाकट्या म्हणायची. तिचं लग्न ठरलं ते धाकट्याला मुळीच आवडलं नव्हतं. पण होणारे दाजी घरी आले ते एका हातात तबकड्यांची पिशवी घेऊन, आणि आल्या आल्या त्यांनी ताईकडे न बघता याच्याकडे बघून विचारलं, तुमच्याकडे तबकडी वाजवायचं यंत्र आहे का रे.

दाजी लिफ्ट दुरुस्त करायचे. हाताला कायम ग्रीसचा वास आणि खिशात कायम एक छोटा पाना. त्यांना एकच वेड होतं, आणि ते वेड इंग्लंडचं होतं. कोल बार्ज नावाचा एक ब्रिटिश बँड, ब्लूज आणि रॉक यांच्या मधोमध कुठेतरी वाजवणारा. एका बंदराच्या गावची चार पोरं, कोळशाच्या होड्यांवरून नाव घेतलेली. ब्लूज म्हणजे काय, असं धाकट्यानं विचारलं तेव्हा दाजी म्हणाले की रडायचंच, पण पाय ताल धरतील असं रडायचं. पहिली तबकडी लागली. गायक घसा खरवडून ओरडायला लागला आणि स्वयंपाकघरातून ताई बाहेर आली.

"हा माणूस गातोय, की याची दाढ दुखतेय?" तिनं विचारलं.

दाजी हसून हसून खुर्चीवरून घसरायचे राहिले. ताईला ते गाणं शेवटपर्यंत आवडलं नाही, पण धाकट्याला आवडलं. विशेषतः त्यातला गिटारवाला. तो फार थोडं वाजवायचा. एक सूर लावायचा आणि पुढचा सूर यायच्या आधी इतका थांबायचा, की ऐकणाऱ्याचा जीव वरखाली व्हायचा. ताई आणि दाजींच्या घरी धाकटा रोज जायला लागला. जेवायला, तबकड्या ऐकायला, आणि खरं सांगायचं तर घरी जायला. दाजींना मूलबाळ झालं नाही. त्यांनी सगळी माया याच्यावर खर्च केली. कवळ्यांचं काम शिकायला त्यांनीच त्याला लावलं. माणसं म्हातारी व्हायची थांबणार नाहीत, असा त्यांचा हिशोब होता.

तिसऱ्या तबकडीनंतर त्या गिटारवाल्यानं बँड सोडला. का सोडला ते कुणालाच नीट कळलं नाही. कुणी म्हणे गायकाशी बिनसलं, कुणी म्हणे त्याला लोकांसमोर उभं राहायची भीती वाटायला लागली. चौथ्या तबकडीवर दुसरा गिटारवाला आला, चपळ बोटांचा, दोन सुरांच्या मध्ये श्वास न घेणारा. दाजींनी ती तबकडी ऐकली, परत पाकिटात घातली आणि म्हणाले, बघू, सवय होईल.

त्याच सुमारास ताई आजारी पडली. मूत्रपिंडं कामातून गेली होती. दवाखाना, सुया, चेहऱ्यावरची सूज, पथ्याचं बेचव जेवण. दोघांनी मिळून तिचं सगळं केलं. सकाळी दाजी, दुपारी धाकटा, संध्याकाळी पुन्हा दाजी. आणि तरी ती गेली.

त्यानंतर धाकटा त्या घराकडे फिरकला नाही. फिरकवेना. तो रस्ता टाळायला म्हणून तो लांबच्या वाटेनं कामावर जायला लागला. उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं करता करता महिने गेले. एक दिवस हिय्या करून तो गेला. दाजींना आवडायचे म्हणून पिशवीत ताजे पाव घेतले होते. बेल वाजवली. दार एका अनोळखी बाईनं उघडलं. तिच्या अंगावर ताईचा निळा ॲप्रन होता, खिशाला ताईनंच घातलेल्या टाक्यांसकट.

घर चुकलं असं तो पुटपुटला आणि जिना उतरून गेला. दाजींनी लग्न केलं होतं. त्यांच्या कंपनीत फोन घेणारी बाई होती ती, हे त्याला नंतर इकडून तिकडून कळलं. ताईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. ते पाव त्यानं घरी नेले, आणि ते वाळून दगड झाले तरी त्याच्यानं टाकवले नाहीत.

काही वर्षं अशीच गेली. मग तबकड्यांच्या दुकानाच्या काचेवर त्याला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. कोल बार्ज ऐकणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी फ्रेमच्या दुकानी यावं, चहा मिळेल. तो गेला. फ्रेमवाला गोल चेहऱ्याचा, उत्साही माणूस. दुकानाच्या मागे लाकडाच्या पट्ट्या आणि काचांच्या मध्ये त्यानं जागा करून खोकी मांडली होती. भिंतीवर बँडची वंशावळ फ्रेम करून लावलेली, कोण कधी आला, कोण कधी गेला. बँडमध्ये बदल झाला की बिचाऱ्याला फ्रेम उघडून कागद बदलावा लागायचा, आणि बँडला तर बदलाची खोडच होती. शाळेत रसायन शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. आणि एका खोक्यावर, चहाचा कप गुडघ्यावर ठेवून, दाजी बसले होते.

केस पांढरे झाले होते. हाताला ग्रीस तसंच.

फ्रेमवाल्यानं मोठ्या हौसेनं ओळख करून दिली. हे आमचे लिफ्टवाले, बँडचं यांना सगळं तोंडपाठ. आणि आपण?

"कवळ्या करतो," तो म्हणाला.

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. हा पुढे काहीतरी बोलेल म्हणून थांबले असावेत. तो बोलला नाही. मग दाजी खोक्यावर थोडे सरकले आणि म्हणाले, "बसा ना."

ज्या माणसानं त्याला आयुष्यभर अरे धाकट्या म्हटलं होतं, त्यानं त्याला अहो-जाहो केलं. त्यानंतर त्या दुकानात ते दोघं एकमेकांना कायम अहो-जाहोच करत राहिले. पुढच्या शनिवारी जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण शनिवार आला आणि तो गेला. दाजीही आले होते.

मंडळाला या दोघांच्या नात्याचा पत्ता कधीच लागला नाही. त्यांना एवढंच माहीत होतं, की कवळीवाले आणि लिफ्टवाले यांचं हाडवैर आहे आणि ते बँडवरून आहे. कवळीवाल्याचं म्हणणं, पहिला गिटारवाला गेला तेव्हाच बँड संपला. पुढे जे आहे ते जुन्या पाटीखालचं नवं दुकान. लिफ्टवाल्यांचं म्हणणं, माणूस गेला तरी गाणी वाजवायला कुणीतरी लागतंच, आणि दुसरा गिटारवालाही काही कमी नाही. मग बेसवाला बदलला, ऑर्गनवाला आला आणि गेला, गायक वारला, त्याच्या जागी एक कोवळा पोरगा आला. शेवटी ढोल वाजवणारा तेवढा मूळचा उरला होता, त्यानंही गुडघ्याच्या दुखण्यानं रजा घेतली. बँडमध्ये मूळचं फक्त नाव राहिलं. प्रत्येक बदलाला दोघं नव्यानं भांडायचे. रसायनच्या बाई म्हणायच्या, मला गाण्यांपेक्षा यांचं भांडण ऐकायला आवडतं. कुरियरचं काम करणारा एक तरुण नंतर मंडळात आला, तो तर या दोघांना मुद्दाम चावी द्यायचा.

एकदाच भांडण हद्दीबाहेर गेलं. नव्या गायकाचं कौतुक चाललं होतं आणि लिफ्टवाले म्हणाले की बँडनं थांबून काय करायचं होतं, आयुष्यभर सुतक पाळायचं होतं का. कवळीवाल्याचा आवाज एकदम थंड झाला.

"काही लोकांना रिकामी जागा बघवतच नाही," तो म्हणाला. "अंथरूण गार व्हायच्या आत दुसरं माणूस आणून बसवतात."

मंडळ हसलं. त्यांना वाटलं, हे गायकाबद्दल आहे. लिफ्टवाले उठले, आपला कप मोरीत नेऊन धुतला, आणि बराच वेळ धूत राहिले. पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा काही झालंच नव्हतं अशा थाटात त्यांनी दुसऱ्या गिटारवाल्याची बाजू घेतली.

असं एक तप उलटलं, वर आणखी काही वर्षं. मग लिफ्टवाले यायचे बंद झाले. फ्रेमवाल्यानं फोन केला. पोटाचं काहीतरी दुखणं आहे, असं कळलं. सगळे चुकचुकले. कवळीवाला मान खाली घालून ऐकत होता. भेटायला जाऊया का, असं बाईंनी विचारलं तेव्हा तो खिडकीकडे बघायला लागला, आणि विषय तिथेच राहिला.

एका दुपारी तो कामाच्या खोलीत मेण तापवत होता. पुढून निरोप आला की एक बाई आल्या आहेत, कवळी सैल झालीय, डॉक्टर म्हणतात तूच बघ. तो हात पुसत बाहेर गेला. साठीला टेकलेली बाई, खांद्याला पर्स, हातात प्लॅस्टिकची डबी. त्यानं तिला तत्काळ ओळखलं. ज्या चेहऱ्याकडे आयुष्यात एकदाच, दोन श्वासांपुरतं बघितलं होतं, तो त्याला पक्का पाठ होता. तिनं मात्र त्याला ओळखलं नाही.

तिनं डबी उघडली. मिस्टर फार वाळलेत, ती म्हणाली, हिरड्या आक्रसल्या, कवळी तोंडात ठरत नाही. काही चावता येत नाही, आणि बोललेलं आम्हाला कळत नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास होतो. उठवून इथं आणण्यासारखी त्यांची अवस्था नाही. घरी येऊन माप घ्याल का?

डॉक्टर मागून म्हणाले, जा रे, जवळच आहे.

नाही म्हणायला त्याच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. त्यानं पिशवीत मापाची पूड घेतली, वाटी, चमचा, हातमोजे. बाई पुढे, हा मागे. जिना तोच होता. कठड्याचा रंग बदलला होता, पण तिसऱ्या पायरीचा टवका तसाच. दार उघडून ती आत गेली आणि म्हणाली, "अहो, कवळीचे ते आलेत."

दाजी उशांना टेकून बसले होते. बसले होते म्हणजे बसवले होते. गाल आत गेलेले, ओठ तोंडात वळलेले, नाक एकदम मोठं झालेलं. त्यांनी दाराकडे बघितलं. मग बायकोकडे बघून, बिनदाताच्या तोंडानं जमेल तसं म्हणाले, "हा धाकटा."

ती जागीच थांबली. तिनं नाव ऐकलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. चहा ठेवते, एवढंच म्हणून ती आत गेली आणि तिनं मधलं दार लोटून घेतलं.

कवळीवाल्यानं दुसरं काही सुचेना म्हणून काम सुरू केलं. वाटीत पूड, तिच्यात पाणी, भराभर घोटून गुळगुळीत लगदा. तो जुन्या कवळीत भरला. तोंड उघडा म्हणाला. दाजींच्या जबड्याला हात लावला तेव्हा हाडावर कातडी सोडून काही उरलेलं नाही हे बोटांना कळलं. त्यानं कवळी बसवली आणि ओठ हलकेच मिटवले.

"आता हलायचं नाही. बोलायचं नाही. घट्ट होईपर्यंत असंच राहायचं," तो म्हणाला. हजारो लोकांना म्हटलेलं वाक्य.

हनुवटीखाली हात धरून तो उभा राहिला. खोलीत घड्याळ नव्हतं, रस्त्यावरून एक सायकल गेली. दाजी त्याच्याकडे बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं, आणि बहुतेक त्यामुळेच याला बोलता आलं.

"दाजी, एवढी घाई का केलीत?"

इतक्या वर्षांत दाजी हा शब्द पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघाला होता. मग बाकीचंही निघालं. मी आलो होतो, तो म्हणाला. पाव घेऊन आलो होतो. यांनी दार उघडलं, अंगावर ताईचा ॲप्रन होता. ज्या खिशात ती माझ्यासाठी गोळ्या ठेवायची, त्या खिशात यांचा हात होता. मी दारातूनच परत गेलो. त्या दिवसापासून मला असं वाटतं की ताई दोनदा गेली, दाजी, आणि दुसऱ्यांदा तुम्ही घालवलीत.

दाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. माप घेताना पुष्कळांच्या येतं, उमासा येतो घशाशी. त्यामुळे ते कशाचं होतं हे सांगता येणार नाही. लगदा घट्ट झाला. त्यानं कवळी सावकाश सोडवली, पाण्याचा पेला दिला, वाटी पुढे धरली. दाजींनी चूळ भरली. पुन्हा भरली. मग बोलायला लागले. शब्द ओठांतून गळत होते, पण दातांशिवाय बोलणारी माणसं समजून घेण्यात कवळीवाल्याचा जन्म गेला होता.

"ॲप्रनचं मला कळलंच नाही रे," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही. तिला कुणी काय सांगणार? खुंटीवर होता, तिनं घातला."

त्यांनी पेल्यातला आणखी एक घोट घेतला.

"कामावरून आलो की कुलूप उघडायला हात उठायचा नाही. मी जिन्यातच बसायचो. शेजारीण जेवण आणायची, तेही जिन्यातच जेवायचो. सगळ्यांना वाटायचं, हा वेडा झाला. मी वाट बघायचो की तू येशील. तू आला नाहीस."

कवळीवाल्याला वाटीतला लगदा खरवडून काढायचा होता, तो त्यानं खरवडला. वाटी स्वच्छ झाली तरी खरवडत राहिला.

"बोलावलं का नाहीत?" त्यानं विचारलं.

"तुझा चेहरा तिचा आहे," दाजी म्हणाले. "तू येशील म्हणून वाट बघायचो, आणि आलास तर काय, याची भीतीही वाटायची. मग फ्रेमवाल्याकडे तू समोर येऊन बसलास. मला वाटलं, बोलेल आज. नाही बोललास. बँडवर मात्र बोलायचास. मी तुझ्यासारखंच बोललो असतो तर तू नुसती मान हलवून गप्प बसला असतास. मग मी दुसरी बाजू घेतली."

"म्हणजे?"

"मलाही पहिलाच आवडतो रे. दुसऱ्याची ती चौथी तबकडी मी आजपर्यंत दुसऱ्यांदा लावलेली नाही. पण तू भांडायचास तरी. चिडलास की अगदी तिच्यासारखा चिडतोस."

ते दमले. डोळे मिटून उशीला टेकले. आतून बाई चहा घेऊन आल्या. तो त्यानं उभ्या उभ्या प्यायला, तोंड भाजलं ते त्याला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी त्यानं बाकीची सगळी कामं बाजूला सारली. डॉक्टर कुरकुरले, त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. नुसता आतला भाग भरून भागलं असतं, पण त्यानं सबंध कवळी नव्यानं केली. वरच्या दातांच्या ओळीत पूर्वी दाजींच्या स्वतःच्या दातांत होता तसा एक दात किंचित वाकडा बसवला. कुणी सांगितलं नव्हतं. हसताना तो दात ओठाखालून डोकवायचा, हे त्याला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी कवळी छान बसली. दाजींनी आरशात बघितलं, जीभ फिरवून बघितली, वाकडा दात लागला तिथे जीभ थांबली. मग स्पष्ट, सुट्या शब्दांत म्हणाले, "अरे चोरा." त्या दिवशी त्यांनी सूपमध्ये बुडवून पावाचे चार तुकडे खाल्ले. बायको दारात उभी राहून ते बघत होती.

त्यानंतर तो रोज जायला लागला. दोघं फार काही बोलले असं नाही. ताईबद्दल तर जवळजवळ नाहीच. दोघांनाही वाटत होतं की त्याला अजून वेळ आहे, आधी माणूस जरा बरा होऊ दे. पहिल्या तीन तबकड्या हलक्या आवाजात लावायचे आणि गिटारवाला सूर लावून थांबला की दाजी एक बोट वर करायचे, थांब, आत्ता येईल. सूर आला की बोट खाली. काही आठवड्यांनी बोट उचलायचंही त्यांना कष्टाचं झालं. मग ते फक्त भुवई उचलायचे.

एका सकाळी कामाच्या ठिकाणी दाजींच्या बायकोचा फोन आला. आवाज कोरडा होता. आत्ताच गेले, ती म्हणाली. आणि मग, जरा अडखळत, की रात्री कवळी काढून ठेवली होती. तोंड आत गेलंय, त्यांच्यासारखे दिसतच नाहीत. गावाहून त्यांचे भाऊ यायचेत. तुम्ही येऊन लावून द्याल का? मला जमत नाही.

तो गेला. दाजी अजून पुरते गार झाले नव्हते. त्यानं हात धुतले, कवळी कोमट पाण्यातून काढली, आणि जिवंत माणसाला सांगतो तसं हळू आवाजात सांगितलं, तोंड उघडतो हां. वरची बसवली, खालची बसवली, जबडा मिटून हनुवटीखाली हात धरला. घट्ट होण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी तो पुष्कळ वेळ हात धरून उभा राहिला. गाल भरले. ओठ जागेवर आले. माणूस दिसायला लागला. बाईंनी बघितलं आणि तेव्हा कुठे त्या खाली बसून रडल्या.

शनिवारी त्यानं मंडळात बातमी सांगितली. तुम्हाला कसं कळलं, असं फ्रेमवाल्यानं विचारलं.

"माझे दाजी होते ते," तो म्हणाला. "माझ्या बहिणीचे मिस्टर."

रसायनच्या बाईंनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं तुम्ही आमच्यासमोर भांडत होतात ते मग कशावरून, असं त्यांनी अगदी सावकाश विचारलं. बँडवरूनच, असं तो म्हणाला. आणि ते काही सगळंच खोटं नव्हतं.

मंडळ चालू राहिलं. तो जायचा. एकदा नव्या गायकाचा विषय निघाला आणि सवयीनं तो म्हणाला की पहिला गिटारवाला गेला तेव्हाच हा बँड संपला. म्हणाला आणि थांबला. फ्रेमवाल्यानं मान हलवली. खरं आहे तुमचं, बाई म्हणाल्या. कुरियरवाला पोरगा, जो आयुष्यात कधी गप्प बसला नव्हता, तोही हो म्हणाला. सगळ्यांनी त्याचं मन राखलं. घरी जाताना त्याला वाटलं की त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्याचं जाणं कमी कमी होत गेलं.

दाजींच्या घरी मात्र तो जात राहिला, महिन्यातून एखाद्या रविवारी. बाईंना काय म्हणायचं हा प्रश्नच होता. बहिणीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला हाक मारायला त्याच्यापाशी शब्द नव्हता. त्यामुळे तो अहो म्हणायचा आणि त्या त्याला भाऊ म्हणायच्या. नळ गळत असला तर तो दुरुस्त करायचा, दिवा बदलायचा. बोलणं हवापाण्याचं.

एका रविवारी त्या भाज्या चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? त्या कशा होत्या?"

त्यानं हातातला नळाचा पाना खाली ठेवला.

"मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिले. त्यांच्या भांड्यांत स्वयंपाक केला. पण त्यांच्याबद्दल माझ्याशी कधी कुणी बोललंच नाही. हे नाव काढायचे नाहीत. मीही विचारलं नाही. पहिल्यांदा मी त्यांचा ॲप्रन घातला होता, त्या दिवशी हे घरी आल्यावर माझ्याकडे बघत राहिले, आणि जेवलेच नाहीत. का ते मला तुम्ही आलात तेव्हा कळलं. मधल्या दारापलीकडे सगळं ऐकू येत होतं."

दाजींना ॲप्रनचं कळलं होतं तर. त्यानं ते गिळलं आणि ताईबद्दल सांगायला सुरुवात केली. ती उंच होती, तो म्हणाला. माझे केस तीच कापायची, डोक्यावर वाडगं ठेवून, आणि मग मी शाळेत जायला तयार व्हायचो नाही. खोटं बोललेलं तिला लगेच कळायचं. फार जोरात चालायची. बाई सुरी ठेवून ऐकत होत्या. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आठवतात त्या दहाबारा गोष्टी, त्याच आपण इतकी वर्षं घोटतोय. मधली सगळी ताई गळून गेलीय. सुजलेला चेहरा नीट आठवतो, आधीचा नाही.

"आवाज कसा होता?" बाईंनी विचारलं. "म्हणजे, गुणगुणायच्या का काम करताना? काय गुणगुणायच्या?"

त्यानं आठवून बघितलं. स्वयंपाकघराचं दार आठवलं, दारात उभी ताई आठवली, ओठ हलताना दिसले. आवाज येईना.

"मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "ते दाजींना माहीत असेल."

बोलून झाल्यावर ते दोघांच्याही लक्षात आलं. बाईंनी सुरी उचलली आणि उरलेली भाजी चिरायला घेतली.